शंभरापासून शून्यापर्यंत

थांबण्यासाठी लागणारे अंतर हे ०.१ गुणिले वेग अधिक ०.००६० गुणिले वेगाचा वर्ग, याहून जास्त असता कामा नये. अंतर मीटरमध्ये, वेग ताशी किलोमीटरमध्ये.

प्रवासी मोटारींच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांचा जो नियम १३-एच आहे, त्यातली ही ओळ. आपल्याकडे ब्रेकचा कायदा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९६ व्या नियमात येतो आणि त्यासाठीची भारतीय मानके याच घराण्यातली आहेत. चाकणच्या एमआयडीसीत एखाद्या कंपनीने नवे मॉडेल काढले, की ते बाजारात येण्याआधी ब्रेकच्या परीक्षेला बसते. भोसरीची सीआयआरटी, पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई या अशा परीक्षा घेणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था. म्हणजे पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ब्रेकची डिस्क ओतणारे, कॅलिपर जोडणारे, लायनर घासून पाहणारे जे असंख्य हात आहेत, त्यांच्या कामाचा निकाल शेवटी या एका ओळीवर लागतो.

मला ही ओळ फार आवडते. रसग्रहण कवितेचे करतात, कथेचे करतात. सूत्राचे कुणी करत नाही, कारण सूत्र हे वापरायची वस्तू आहे असे आपण धरून चालतो. पण ही ओळ सावकाश वाचली तर नववीच्या विज्ञानातल्या पहिल्या धड्यातली गतीची तिन्ही समीकरणे तिच्यात जिवंत सापडतात. शिवाय ती समीकरणे कुठे अपुरी पडतात आणि सदिशांना हाक का मारावी लागते, तेही याच नियमात, दोन-चार वाक्यांपलीकडे लिहिलेले आहे.

आधी साधा हिशेब करू. वेग १०० धरा. पहिल्या पदाचे १०, दुसऱ्याचे ६०, एकूण ७० मीटर. शंभराच्या वेगाने आलेली गाडी ७० मीटरांच्या आत उभी राहिली पाहिजे. रस्ता सपाट आणि चांगली पकड देणारा हवा, ब्रेकही थंड असायला हवेत, म्हणजे ६५ ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. पायाचा जोर ५०० न्यूटनच्या वर जाता कामा नये. साधारण ५१ किलो वजन पेडलवर ठेवल्यासारखा. पैलवानाने दाबला म्हणून गाडी थांबली, हे नियमाला चालत नाही. किरकोळ अंगाच्या माणसालाही ती थांबवता आली पाहिजे. मोजणीला पूर्वी गाडीमागे सायकलच्या चाकासारखे एक जादा चाक जोडत, त्याला पाचवे चाकच म्हणत; आता उपग्रहांवरून वेग टिपणारी छोटी डबी ते काम करते.

या ओळीत काय नाही तेही पाहावे. गाडीचे वजन नाही. वजन वाढले तर थांबवायला जोर जास्त लागतो, पण रस्त्यावर टायर दाबले जातात तेही त्याच वजनाने, त्यामुळे पकडही त्याच प्रमाणात वाढते आणि हिशेबाच्या दोन्ही बाजूंनी वस्तुमान निघून जाते. म्हणून एकच मर्यादा रिकाम्या गाडीलाही लागू आणि भरलेल्या गाडीलाही. चाचणी दोन्ही अवस्थांत घेतात. गाडीची लांबी नाही, इंजिन पुढे की मागे तेही नाही. हजारो सुटे भाग जुळवून कारखान्याने जी वस्तू उभी केली, ती सूत्राने एका झटक्यात बिंदू करून टाकली. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात याला कण म्हणतात. मुलांना वाटते कण म्हणजे काहीतरी बारीक, धुळीएवढे. तसे नाही. ज्या प्रश्नापुरते वस्तूचे आकारमान विचारात घेण्याची गरज नाही, त्या प्रश्नापुरती ती वस्तू कण. सूर्याभोवती फिरणारी पृथ्वीही कण आणि ट्रॅकवर ब्रेक मारणारी मोटारही कण.

आता ०.००६० कडे येऊ. हा आकडा पहिल्यांदा पाहिला की वाटते, कुठल्यातरी समितीने टेबलाभोवती बसून ठरवला असेल. खरे म्हणजे तो सुटा ठरवलेला नाही, दुसऱ्या एका आकड्याशी बांधलेला आहे. याच नियमात ब्रेकची ताकद मोजायचे दुसरे एक सूत्र आहे. गाडीचा वेग सुरुवातीच्या ८० टक्क्यांवर आला त्या क्षणाचा वेग घ्या, त्याचा वर्ग करा. वेग १० टक्क्यांवर आला त्या क्षणाच्या वेगाचा वर्ग त्यातून वजा करा. जे उरेल त्याला २५.९२ गुणिले या दोन क्षणांमधले अंतर, एवढ्याने भागा. उत्तर येते ते मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, आणि ते किमान ६.४३ मी/से² भरले पाहिजे.

२५.९२ हा आकडा म्हणजे या नियमाचा जीव आहे. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे तर ३.६ ने भागतात. वेगाचा वर्ग आहे म्हणून ३.६ चाही वर्ग, १२.९६. आणि त्याची दुप्पट २५.९२. ही दुप्पट आली कुठून? नववीच्या तिसऱ्या समीकरणातून: शेवटच्या वेगाचा वर्ग म्हणजे सुरुवातीच्या वेगाचा वर्ग अधिक दोन गुणिले त्वरण गुणिले विस्थापन. त्यातले हे ‘दोन’. आता २५.९२ ला ६.४३ ने गुणा. १६६.६७ येतात. एकाला १६६.६७ ने भागा: ०.००६०. समितीने या दोन आकड्यांपैकी एकच निवडायचा; दुसरा तिसरे समीकरण आपला आपण घडवते.

हे ‘दोन’ही जरा उकलून पाहण्यासारखे आहे. वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, हे आपण शाळेत घोकतो. इथे वेगांची वजाबाकी म्हणजे त्वरण गुणिले काळ. वेगांची बेरीज म्हणजे सरासरी वेगाची दुप्पट, आणि सरासरी वेग म्हणजे अंतर भागिले काळ. दोन्हींचा गुणाकार केला की एका ठिकाणी काळ गुणतो, दुसऱ्या ठिकाणी भागतो आणि अख्खा काळच गळून पडतो. राहते ते त्वरण, अंतर आणि सरासरीतून आलेले ‘दोन’. तिन्ही समीकरणांत हेच एक असे आहे की ज्याला घड्याळ लागत नाही. अपघातानंतर रस्त्यावर घसरल्याचे काळे पट्टे उरतात, त्यांची लांबी टेपने मोजता येते; किती सेकंद लागले ते डांबर सांगत नाही. तिथून गाडीचा वेग काढायचा तर हेच समीकरण हाताशी येते.

नियमाने सरासरी मंदन अंतराच्या हिशेबाने काढले आहे, काळाच्या हिशेबाने नव्हे, हे मला त्यातले सर्वांत समंजस पाऊल वाटते. ब्रेकची पकड सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असती तर दोन्ही सरासऱ्या एकच आल्या असत्या. प्रत्यक्षात ती कमी-जास्त होते. काळाच्या सरासरीत शेवटच्या संथ सेकंदालाही पहिल्या भरधाव सेकंदाइतकेच माप मिळते. अंतराच्या सरासरीत जिथे रस्ता जास्त खाल्ला जातो त्या भागाला जास्त वजन येते. समोर आडव्या आलेल्या माणसाला गाडी किती सेकंदांत थांबली याच्याशी देणेघेणे नसते, किती मीटरांत थांबली एवढेच त्याच्या कामाचे. सूत्राने त्याची बाजू घेतली आहे.

आता त्या ६० मीटरांच्या आत शिरू. मंदन नेमके ६.४३ आहे असे धरले तर १०० वरून ८० वर येताना १०,००० वजा ६,४०० म्हणजे ३,६०० उरतात, त्याला १६६.६७ ने भागले की २१.६ मीटर. ८० वरून १० वर येताना ३७.८ मीटर. १० वरून शून्यावर येताना फक्त ०.६ मीटर. बेरीज बरोबर ६०. पहिले वीस किलोमीटर उतरायला एकवीस मीटरांहून जास्त रस्ता लागतो आणि शेवटचे दहा उतरायला दोन फूट. निम्म्याचा हिशेब आणखी बोलका आहे: शंभराचे पन्नास होईपर्यंत ४५ मीटर गेलेले असतात, उरलेल्या पन्नासाला १५ पुरतात. वेग निम्मा झाला म्हणून आपण निम्मे थांबलो असे चालकाला वाटते, तेव्हा रस्त्याचा तीन चतुर्थांश भाग संपलेला असतो.

आता ८० आणि १० टक्केच का घेतले तेही कळते. पहिल्या टप्प्यात ब्रेकचा जोर अजून चढत असतो. शेवटच्या दोन फुटांत गाडी पुढे वाकून पुन्हा मागे झुलते आणि एवढ्या कमी वेगात मोजणीची चूक मोठी दिसते. दोन्ही टोके कापून मधला भरीव भाग घेतला. आणि तो सुरू होतो, संपतो, ते क्षण वेगाने ओळखायचे. त्या क्षणाला काटा नेमका ८० वर, त्या क्षणाला नेमका १० वर. सरासरी वेग सगळ्यांनाच कळतो. चिंचवडहून निघून भोसरीला किती वेळात पोचलो त्यावरून तो निघतो. एका क्षणाचा वेग ही मात्र फार खोल कल्पना आहे. ती आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या रोजच्या गतीपेक्षा तात्कालिक गती वेगळी मानली आणि चंद्रासारखा भरभर चालणारा गोल असेल तर तीच घ्यावी असे सांगितले. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद देणारा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. ट्रॅकवरची डबी जो ८० चा क्षण टिपते, तो चंद्रासाठी लागलेल्या त्याच कल्पनेचा वंशज.

काळाच्या बाजूने पाहिले तर आणखी एक सौंदर्य दिसते. शंभराचा वेग म्हणजे सेकंदाला २७.७८ मीटर. त्याला ६.४३ ने भागले की ४.३२ सेकंद. या वेळेचे चार सारखे भाग करा, प्रत्येकी १.०८ सेकंद. पहिल्या भागात गाडी २६.२५ मीटर जाते, दुसऱ्यात १८.७५, तिसऱ्यात ११.२५ आणि चौथ्यात ३.७५. या चारही आकड्यांना ३.७५ ने भागा. सात, पाच, तीन, एक. गॅलिलिओने उतरत्या खाचेवरून गोळे सोडून आणि भांड्यातून गळणाऱ्या पाण्याने वेळ मोजून हा विषम संख्यांचा क्रम शोधला, १६३८ च्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात तो मांडला. त्याचा गोळा स्थिर अवस्थेतून सुटत होता म्हणून त्याला एक, तीन, पाच, सात असा चढता क्रम मिळाला. चाकणची मोटार तोच क्रम उलटा म्हणते. गतीच्या समीकरणांना काळ पुढे चालला आहे की मागे याची पर्वा नसते. म्हणून सुटणे आणि थांबणे ही एकाच नियमाची दोन तोंडे ठरतात.

पहिल्या पदाकडे, ०.१ गुणिले वेग याकडे, लोक पाहतही नाहीत. ते एकरेषीय एकसमान गतीचे पद आहे, म्हणजे या ओळीतला सर्वांत साधा भाग. वेग १०० असताना ते १० मीटर होते, २७.७८ च्या वेगाने १० मीटर जायला ०.३६ सेकंद लागतात. वेग कोणताही घ्या, हे ०.३६ बदलत नाही. पेडल दाबल्यापासून ब्रेकचा पूर्ण जोर येईपर्यंत नळीतल्या तेलाचा दाब वाढायला, पॅड डिस्कला टेकायला जो वेळ जातो, त्याच्यासाठी दिलेली ही सूट. तेवढा वेळ गाडी जणू ब्रेक लागलेलाच नाही अशी जाते असे मानायचे.

अवजड ट्रकसाठी हेच पद ०.१५ होते. ट्रक आणि बसच्या नियम १३ मधली ओळ अशी: ०.१५ गुणिले वेग, अधिक वेगाचा वर्ग भागिले १३०. चाचणी ताशी ६० च्या वेगाला. ०.१५ म्हणजे ०.५४ सेकंद. ट्रकला एअर ब्रेक असतात. टाकीतली हवा लांबलचक नळ्यांतून मागच्या चाकांपर्यंत पोचायला तेलापेक्षा जास्त वेळ घेते. एका छोट्या गुणकात हवेचा आणि तेलाचा स्वभाव उतरला आहे! आणि १३० कुठून आले ते आता वाचक स्वतः काढू शकतो: ट्रकचे किमान मंदन ५ आहे, त्याला २५.९२ ने गुणले की १२९.६.

दोन्ही ओळी ६० च्या वेगाला शेजारी मांडू. मोटारीला ६ अधिक २१.६, म्हणजे २७.६ मीटर. ट्रकला ९ अधिक २७.७, म्हणजे ३६.७ मीटर. फरक ९.१ मीटर. सकाळी पहिल्या शिफ्टच्या वेळेला पुणे-नाशिक महामार्गावर मोशीच्या पुढे कंपनीच्या बसगाड्या, कंटेनर, टेम्पो आणि दुचाक्या एकाच वेगाने एकामागे एक चाललेल्या असतात. एकमेकांच्या सापेक्ष पाहिले तर सगळे स्थिर आहेत. पुढच्या कंटेनरचे मागचे दार मोटारसायकलवाल्याला हलतानाही दिसत नाही. या सापेक्ष स्थिरतेतच धोका आहे. मोटारीमागे कंटेनर असेल आणि दोघांनी अगदी एकाच क्षणी ब्रेक दाबला, तरी कायद्याच्या काठावर असलेल्या त्या दोघांमध्ये नऊ मीटर जादा मोकळे हवेत. कंटेनरच्या चालकाला पुढचा लाल दिवा दिसून पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी १६.७ मीटर. म्हणजे सव्वीस मीटरांच्या आसपास. एवढी जागा मध्ये सोडली तर दुसरे कुणी येऊन घुसते, हे मला ठाऊक आहे. पण आकडा तेवढाच राहतो.

चालकाचा हा सेकंद ब्रेकच्या नियमात कुठेच नाही, आणि ते योग्य आहे. तिथे परीक्षा गाडीची आहे. मोजणी पेडलला पाय लागल्यापासून सुरू होते. माणसाची मोजणी रस्ता बांधणाऱ्यांच्या पुस्तकात आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात चालकाला पाहून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद दिलेले आहेत, आणि टायरची पकड शंभराच्या वेगाला ०.३५ इतकीच धरलेली आहे. त्यांचे सूत्र: ०.२७८ गुणिले वेग गुणिले वेळ, अधिक वेगाचा वर्ग भागिले २५४ गुणिले पकड. हे २५४ ओळखीचे वाटते का? २५.९२ ला गुरुत्वीय त्वरणाच्या ९.८१ ने गुणा, २५४ येतात. भाऊबंदच. त्या सूत्राने शंभराच्या वेगाला साधारण १८० मीटर पुढचा रस्ता दिसला पाहिजे असे ठरते. गाडी बनवणाऱ्याचे ७० आणि रस्ता बनवणाऱ्याचे १८०. मधल्या ११० मीटरांत थकलेला चालक, गुळगुळीत झालेले टायर, पावसाचे पाणी, सगळे येते. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला चांगल्या दिवसाचा, दुसरा वाईट दिवसाचा.

इथवर सगळे एका सरळ रेषेवर चालले. वेग पुढे, मंदन मागे. दिशा सांगायला अधिक-उणेचे चिन्ह पुरेसे होते. नियम लिहिणाऱ्यांना माहीत होते की खरी गाडी या रेषेवर राहतेच असे नाही. म्हणून त्यांनी सूत्राच्या जोडीला अट घातली: हे अंतर गाठताना ताशी १५ किलोमीटरच्या वरच्या वेगात चाक जाम होता कामा नये, गाडी ३.५ मीटर रुंदीच्या पट्ट्याबाहेर जाता कामा नये, तिचे तोंड १५ अंशांपेक्षा जास्त फिरता कामा नये, आणि ती विचित्र थरथरता कामा नये. अकरावीत सदिश आले की मुले बाण काढतात, बाणांचे घटक पाडतात आणि विचारतात की हे कशाला. या अटीत उत्तर आहे.

कणाला तोंड नसते. त्याला फक्त वेगाचा बाण असतो. मोटारीला मात्र दोन दिशा असतात: बॉनेट जिकडे बघते ती एक आणि गाडी खरोखर जिकडे चालली आहे ती दुसरी. नीट चालणाऱ्या गाडीत त्या जवळजवळ एकच असतात, त्यामुळे त्या वेगळ्या आहेत हे आपल्याला कळतही नाही. जुलैमध्ये रस्त्याच्या डाव्या कडेला चिखल आणि उजवीकडे स्वच्छ डांबर असले की त्या फाटतात. उजव्या चाकांना पकड मिळते, डाव्यांना नाही. उजवीकडचा मागे ओढणारा जोर भारी पडतो आणि बॉनेट उजवीकडे वळू लागते, गाडी मात्र अजून सरळच जात असते. या दोन दिशांमधला कोन वाढत गेला की चालकाच्या हातात काही उरत नाही.

पंधरा अंशांची मर्यादा कशी बसते ते पाहा. चार मीटरांच्या आतल्या गाड्यांना करात सवलत असल्याने ही लांबी आपल्याकडे फार ओळखीची झाली आहे. लांबी ४ मीटर आणि रुंदी १.७ मीटर धरू. गाडी पट्ट्याला समांतर असताना १.७ मीटरच जागा अडवते. ती १५ अंश फिरली की लांबीचा आडवा घटक ४ गुणिले ०.२५९, म्हणजे १.०४ मीटर. रुंदीचा आडवा घटक १.७ गुणिले ०.९६६, म्हणजे १.६४ मीटर. एकूण २.६८ मीटर. पट्टा ३.५ मीटरांचा, दोन पदरी रस्त्याचा एक पदर आपल्याकडेही तेवढाच असतो. उरले ८२ सेंटीमीटर, म्हणजे मधोमध असली तर दोन्ही बाजूंना हातभर. एवढी वळलेली गाडीसुद्धा आपला पदर सोडून शेजारच्या दुचाकीवर जात नाही. पंधराच्या कोनाचे साइन आणि कोसाइन इथे कागदावर राहत नाहीत, शेजारून जाणाऱ्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबतात.

चाक जाम होण्याच्या अटीतही तोच नेमकेपणा आहे. ताशी १५ वरून शून्यावर यायला २२५ भागिले १६६.६७, म्हणजे १.३५ मीटर लागतात. शेवटच्या दीड मीटरातच चाकाला थिजायची मुभा, त्याआधी नाही. कारण फिरणारे टायर रस्त्याला दोन्ही दिशांनी धरू शकते, लांबीच्याही आणि आडव्याही. जाम झालेले टायर ज्या दिशेला घसरते त्याच्या फक्त उलट ओढते. स्टिअरिंग फिरवले तरी ते ऐकत नाही.

सदिशांच्या बेरजेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथेच आहे. कोरड्या डांबरावर टायरची पकड ०.८ धरली तर ती एकूण ७.८५ मी/से² पर्यंतचे त्वरण देऊ शकते, कोणत्याही दिशेला. त्यातले ६.४३ ब्रेकने घेतले. म्हणजे ८२ टक्के खर्च झाले आणि वळायला १८ टक्के उरले, असे साध्या वजाबाकीने वाटते. पण ब्रेकचा बाण मागे आहे आणि वळणाचा बाण आडवा. ते काटकोनात मिळतात, पायथागोरसच्या नियमाने. ७.८५ च्या वर्गातून ६.४३ चा वर्ग वजा करून मूळ काढले तर ४.५ येतात, म्हणजे ५७ टक्के. जोरदार ब्रेक मारूनसुद्धा निम्म्याहून जास्त वळायची ताकद शिल्लक! साठच्या वेगाला ६२ मीटर त्रिज्येचे वळण घेता येईल एवढी. तीच पकड शेवटच्या थेंबापर्यंत ब्रेकने पिऊन टाकली, ६.४३ चे ७.८५ केले, तर वळायला शून्य उरते. ब्रेकचा शेवटचा पाचवा भाग वाचवला तर दिशेचा निम्म्याहून मोठा भाग हाती राहतो. सरळ रेषेवरच्या गणितात असा सौदा कधी मिळत नाही. ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा म्हणजे एबीएस; तिचे सगळे काम हा सौदा सांभाळण्याचे आहे. सव्वाशे सीसीच्या वरच्या दुचाकींना आपल्याकडे ते नव्या मॉडेलसाठी एप्रिल २०१८ पासून आणि आधीच्या मॉडेलसाठी एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. चाकणमध्ये बनणाऱ्या पल्सरसारख्या गाड्यांवर बसणाऱ्या तरुणांच्या बाबतीत तर दिशा गेली की तोलही जातो.

या पट्ट्यातल्या शाळांतल्या, क्लासमधल्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे. भोसरी, निगडी, चिखली, चाकण इथल्या वर्गात बसलेल्या कितीतरी मुलांचे आईवडील याच ब्रेकचे भाग बनवतात. तिन्ही समीकरणे फळ्यावर लिहून झाली की त्यांच्या खाली ही एक ओळही लिहा. २५.९२ कुठून आले ते मुलांना शोधू द्या, सांगू नका. मग चाळीस आणि साठ या दोन वेगांना गाडी किती मीटरांत थांबेल ते काढायला लावा आणि शाळेच्या मैदानात चुन्याने दोन रेघा आखून घ्या. पहिली १३.६ मीटरांवर यायला हवी, दुसरी २७.६ मीटरांवर.